दाजींची सात मिनिटं

शुक्रवारी दुपारी, गाडीत सीटबेल्ट लावून बसलेल्या एका माणसाने माझ्या दाजींना खोटं ठरवलं. गाडी उभी होती, मागे मॉलचा जिना दिसत होता, तरी सीटबेल्ट कशासाठी ते त्यालाच ठाऊक. पंचविशीतला गडी. त्या दिवशी लागलेल्या गुन्हेगारी सिनेमाचा पहिला शो पाहून त्याने पार्किंगमध्येच परीक्षण सुरू केलं होतं. कथा बरी, पोलीस अधिकारी चांगला, संगीत जरा अंगावर येतं. मग त्याने तोंड फोनच्या जवळ आणलं आणि म्हणाला, "मध्येच एक म्हातारा शेतकरी सात मिनिटं कागद वाचतो. सात मिनिटं, मित्रांनो. असा शेतकरी तुम्ही कुठे पाहिलाय? मी तर नाही पाहिला." पाचपैकी अडीच तारे.

मी पाहिला होता. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे तो.

आम्ही तिघं तेव्हा जालन्याच्या टॉकीजबाहेर चहाच्या गाड्यावर उभे राहून त्याचा व्हिडिओ फोनवर बघत होतो. आम्हीही पहिला शो पाहूनच बाहेर पडलो होतो आणि आमच्या छात्या अशा फुगल्या होत्या की गाड्याला रेटून उभं राहावं लागत होतं. तिघं म्हणजे मी, आमच्या लॅबमधल्या मॅडम आणि गोदामवाले. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत आम्ही नोकरीला आहोत. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, गुंडाळी करायची, उबदार खोलीत उभी करून ठेवायची, ठरलेल्या दिवशी उलगडून कोंब मोजायचे, हे मॅडमचं काम. त्या आकड्यांखाली सही करून लॉट पास की नापास ते सांगायचं, हे माझं. आणि माझी सही होईपर्यंत गोदामात बसून शिव्या देत राहायचं, हे गोदामवाल्यांचं. या तीन वेगवेगळ्या स्वभावांना जोडणारी एकच गोष्ट, ती म्हणजे खुनाचे सिनेमे. या दिग्दर्शकाचे आधीचे दोन्ही सिनेमे आम्हाला संवादांसकट पाठ. जो माणूस पडद्यावर सगळ्यात आधी चहा विचारतो तोच खुनी, असा गोदामवाल्यांचा सिद्धान्त होता, आणि तो आजवर एकदाच चुकला होता.

"असा शेतकरी कुठं पाह्यलाय म्हणे," गोदामवाले म्हणाले. "याला एक दिवस केदारखेड्याला नेऊन दाजींच्या मागं बँकेच्या लाइनीत उभं करा. उन्हात. तो सीटबेल्ट लावून."

माझे कान गरम झाले. माझ्या रागाची एक ठरलेली चाल आहे. आधी कान गरम होतात, मग भाषा शुद्ध होते. घरचे लोक शुद्ध मराठी ऐकली की दुसऱ्या खोलीत जातात.

आता दाजी सिनेमात कसे, ते सांगतो.

मागच्या हिवाळ्यात सिनेमावाले भोकरदनकडे, दाजींच्या केदारखेड्याला, आले होते. त्यांना एक कोरडी विहीर हवी होती. ती मिळाली दाजींच्या बांधाला लागून असलेल्या शेतात. मी चाहता म्हणून रजा टाकून तिथे हजर होतो. दाजी मात्र सिनेमासाठी आलेच नव्हते. त्यांच्या तुरीत कुणीतरी दिव्याच्या तारा ओढल्या होत्या, त्याचा जाब विचारायला ते आले होते. दिग्दर्शकाने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिथेच घोळ झाला. विहिरीत प्रेत सापडलंय, हवालदार पंचनामा लिहितोय, आणि पंच म्हणून सही करायला एक शेतकरी पाहिजे, एवढाच प्रसंग होता.

"आबा, हा कागद देतील. सही करायची आणि तिकडे निघून जायचं," दिग्दर्शक म्हणाला.

कॅमेरा सुरू झाला. हवालदार झालेल्या नटाने कागद पुढे केला. दाजींनी खिशातून चष्मा काढला.

"वाचू तर द्या," ते म्हणाले.

हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. नट दिग्दर्शकाकडे पाहू लागला. दिग्दर्शकाने हात वर केला, चालू द्या. दाजी बोट ठेवून, एकेक शब्द ओठांनी चाखत वाचत गेले. एका जागी बोट थांबलं. त्यांनी मान वळवून विहिरीकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"पूर्वेला लिंबाचं झाड लिव्हलंय. बाभूळ हाये ती."

"आबा, झाडाचं एवढं काय घेऊन बसले?" नट जमेल तसं सावरत म्हणाला.

"झाडाचं न्हाई, कागदाचं हाये. आज झाड चुकलं, उद्या माणूस चुकंल. दुरुस्त करा, मंग सही."

नटाने निमूटपणे लिंब खोडला, बाभूळ लिहिली. दाजींनी खाडाखोडीच्या बाजूला छोटी सही केली, खाली मोठी केली, चष्मा खिशात घातला आणि तुरीतल्या तारांचं काय ते विचारलं. दिग्दर्शकाने त्यांना मिठी मारली. दाजी अंग चोरून उभे राहिले.

त्या संध्याकाळी मोटरसायकलवर माझ्या मागे बसून दाजींनी मला ते सांगितलं, जे मला अर्धंमुर्धंच ठाऊक होतं. लग्नाआधीची गोष्ट. गावात विहिरीवरची मोटर चोरीला गेली. पोलिसांनी मजुरीवर जाणाऱ्या एका जवान माणसाला धरलं. मोटर त्याच्या घरामागे सापडली असं म्हणून पंचनामा केला आणि पंच म्हणून रस्त्याने जाणाऱ्या दाजींना हाक मारली. दाजींनी न वाचता सही केली. मोटर कुठे सापडली ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यांना बाजाराला जायची जल्दी होती. तो माणूस आठ महिने आत राहिला. शेवटी कोर्टात वकिलाने विचारलं तेव्हा दाजींनी कबूल केलं, मी बघितलं न्हाई, नुसती सही केली. माणूस सुटला. सुटून गावात आला, पण दाजींशी बोलला नाही. आजतागायत नाही.

"तवापासून मी वाचल्याबिगर सही करत न्हाई," दाजी माझ्या पाठीमागून म्हणाले. "लोक हसतेत. हसू दे."

लोक खरंच हसायचे. पीकविम्याचा अर्ज असो, सोसायटीचा ठराव असो, शाळेची सभा असो, दाजी चष्मा लावायचे आणि मागची रांग कपाळाला हात लावायची. "आबा सही करून राह्यलेत, तवर आपण दोन सरी वेचून येऊ," हा गावातला जुना विनोद. दाजी त्यावर हसत नसत, चिडतही नसत. वाचत राहायचे.

आणि आता ते वाचणं मोठ्या पडद्यावर होतं. दाजींना ते गावाला दाखवायचं होतं. खरं सांगायचं तर गावाला नाही, त्या एका माणसाला. तो आता जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये कामाला आहे, म्हणून त्याला मिलवाला म्हणतो. दाजींनी अक्काला, म्हणजे माझ्या बहिणीला, सांगितलं, "मी त्याला सिनेमाला बलावणार हाये." अक्का मला फोनवर म्हणाली, "अरे, तीस वर्षांत हे त्याच्या दाराला गेले न्हाईत. आता जाणार म्हणतेत. तूच बघ काय ते." कापसाची वेचणी जोरात होती, वेचायला बायका त्याच आठवड्यात मिळणार होत्या, म्हणून सिनेमाला जाण्याचं ठरलं दुसऱ्या शनिवारी. आणि दुसऱ्या शनिवारपर्यंत सिनेमा टिकवायचा तर परीक्षणं चांगली यायला हवी होती. सगळी भीती तिथे होती.

मग सुरू झाला आमचा आठवडा. चहाच्या सुट्टीत तीन डोकी एका फोनवर. सकाळी पेपर, दुपारी व्हिडिओ, संध्याकाळी तारे. एका बाईंनी स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता परीक्षण केलं आणि चार तारे दिले. त्यांना मी मनातल्या मनात साडीचोळी केली. एक गृहस्थ पुस्तकांच्या कपाटासमोर बसले होते आणि सिनेमापेक्षा स्वतःच्या चष्म्याबद्दल जास्त जागरूक होते. रविवारच्या पेपरातल्या विद्वानाने मात्र कहर केला. त्याने लिहिलं, हा कागद वाचणारा शेतकरी म्हणजे शहरी लेखकाच्या डोक्यातून उतरलेलं भाबडं स्वप्न आहे, ग्रामीण वास्तवाशी त्याचा संबंध नाही.

मी पेपर टेबलावर आपटला. ओल्या कागदाच्या दोन गुंडाळ्या आडव्या झाल्या.

"शहरी लेखकाने त्यांना सही करून निघून जायला सांगितले होते," मी म्हणालो. "वास्तवाने नकार दिला. वास्तवाच्या खिशात चष्मा होता. या महाशयांनी वास्तव कोणत्या दुकानातून घेतले?"

"सर शुद्ध बोलायलेत," मॅडम गोदामवाल्यांना म्हणाल्या. "गुंडाळ्या उचला आधी."

गोदामवाले प्रत्येक व्हिडिओखाली प्रतिक्रिया टाकत होते. ‘एक शेतकरीपुत्र’ या नावाने सौम्य, ‘जालनेकर’ या नावाने मध्यम आणि तिसऱ्या एका नावाने अशी, की मॅडमनी ती वाचायला नकार दिला. मी रात्रंदिवस चिडलेला होतो आणि मला लपवायचं नाही, मजा येत होती. गुंडाळी उलगडावी आणि सगळे दाणे एकदम फुटलेले दिसावेत तसा राग. रिक्षावाल्याशी, भाजीवाल्याशी, आमच्या मालकाशीसुद्धा मी त्या सात मिनिटांवरून भांडलो. मालकाने सिनेमा पाहिला नव्हता.

आता आमची चूक. ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती. वकिलाने केली नसती, पुढाऱ्याने तर जन्मात केली नसती. ही उगवण तपासणाऱ्यांचीच चूक.

आमच्याकडे लॉट नापास झाला की रडत नाहीत. तक्ता करतात. किती दाणे नीट उगवले, किती विकृत, किती मेले, दोष नेमका कुठे दिसला. मग तो तक्ता जोडून फेरतपासणीची विनंती पाठवतात. तक्त्यात आपल्या विरोधातला आकडाही लिहावाच लागतो. लपवला तर तुमच्या सहीला किंमत उरत नाही. वीस वर्षं हेच केलंय. बोटांना तीच सवय.

बुधवारी मॅडमनी सगळी परीक्षणं गोळा करून तक्ता केला. सशक्त, विकृत, मेलेली. मग मी अर्ज लिहिला. थेट सिनेमावाल्यांना. त्यांच्या जाहिरातीतच पत्ता होता, आपला अभिप्राय कळवा म्हणून. मी शुद्ध भाषेत लिहिलं, की काही समीक्षकांनी ज्या प्रसंगावर आक्षेप घेतला आहे तो या चित्रपटाचा प्राण आहे. तो प्रसंग मध्यंतराआधी नेमका कितव्या मिनिटाला सुरू होतो आणि कितव्या मिनिटाला संपतो ते लिहिलं. संदिग्धता नको म्हणून. किती परीक्षणांनी त्याला लांबट म्हटलं तो आकडा लिहिला, तो निम्म्याहून जास्त होता. प्रामाणिकपणा म्हणून. आणि शेवटी विनंती केली, की हे आकडे पाहून आपण विचलित होऊ नये. खाली तिघांच्या सह्या.

"भारी झालंय," गोदामवाले म्हणाले. "असा अर्ज त्यांना कुणी पाठवला नसंल."

हे मात्र खरं होतं.

गुरुवारी उत्तर आलं. "आपल्या सविस्तर अभिप्रायाबद्दल आभार. आमच्या टीमला तो अत्यंत उपयोगी ठरला." मी ते उत्तर लॅबच्या फळ्यावर चिकटवलं.

शनिवारी दुपारी केदारखेड्याहून दोन काळ्या-पिवळ्या जीप टॉकीजसमोर येऊन उभ्या राहिल्या. पहिलीतून दाजी उतरले, पांढरे कपडे, इस्त्रीचे. अक्का, तिच्या दोन जावा, भाऊबंद, दाजींच्या मागे रांगेत उन्हात उभे राहिलेले सगळे. आणि एमआयडीसीकडून येणाऱ्या टेम्पोतून मिलवाला उतरला. दाजींपेक्षा थोडा लहान, बारीक, हाताच्या पाठीवर भाजल्याचे जुने डाग. त्याने दाजींना नमस्कार केला नाही, पण आला होता. दाजी त्याच्याकडे गेले, "आलास, बरं झालं," एवढंच म्हणाले आणि त्याला आपल्याच रांगेत, मधल्या वाटेशेजारची खुर्ची दिली. मी मागच्या रांगेत मॅडम आणि गोदामवाल्यांच्या मध्ये बसलो. मला पुढे दाजी आणि मिलवाला, दोघांच्याही माना दिसत होत्या.

विहीर आली. गावाने ती ओळखली. "आपली हीर," बायकांत कुजबुज झाली. प्रेत वर आलं. हवालदार लिहू लागला. दाजी दिसले, टोपी, खांद्यावर उपरणं, आणि केदारखेड्याने शिट्ट्या मारल्या. हवालदाराने कागद पुढे केला.

आणि दाजींनी सही केली.

चष्मा नाही, बोट नाही, झाड नाही. कागद पुढे आला, पुढच्या क्षणाला पेन कागदावर चालत होतं, त्याच्या पुढच्या क्षणाला पोलिसांची जीप धूळ उडवत निघाली. दोन पापण्या मिटायला लागतात तेवढा वेळ.

मग कुणीतरी अंधारातून म्हणालं, "आबा, न वाचता?" आणि हशा फुटला. वाईट मनाने नाही हसले ते. त्यांना खरंच मजा वाटली. "सिनेमावाल्यांनी सुधरवलं राव आबाला." "पैसे देऊन चष्मा काढून घेतला असंल." अक्काने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. दाजी गुडघ्यांवर हात ठेवून सरळ बसले होते. मिलवाला पडद्याकडे पाहत होता. मध्यंतर व्हायच्या आतच तो उठला आणि कुणालाही न ओलांडता, वाटेशेजारच्या खुर्चीवरून, निघून गेला.

मी मॅनेजरच्या खोलीत घुसलो. कान इतके गरम, की शब्द संस्कृत यायच्या बेतात होते.

"आपण चित्रपटातील अंश वगळला आहे काय?"

"मी कशाला वगळू?" तो समोसा खाली ठेवून म्हणाला. "कालपासून वरूनच नवीन कॉपी आलीये. दहा-बारा मिनिटं कमी केलीत. लोकांनीच लिहून कळवलं म्हणे, कुठं बोअर होतं ते. मिनिटासकट."

मला तिथे बसायला खुर्ची मिळाली नाही, म्हणून उभा राहिलो.

बाहेर दाजी भुईमुगाच्या शेंगांच्या गाड्यापाशी एकटेच उभे होते. मला खोटं बोलता आलं असतं. सीटबेल्टवाल्याचं नाव सांगता आलं असतं, रविवारच्या विद्वानाचं सांगता आलं असतं. दोघंही त्या लायकीचे होते. पण मी सांगून टाकलं.

"तू लिहून कळवलं?" दाजींनी विचारलं.

"तुमच्या बाजूनं लिहिलं होतं, दाजी."

"कुठून कुठपर्यंत हाये ते कोन सांगितलं?"

"आम्हीच."

"किती लोकाला आवडलं न्हाई ते?"

"तेही आम्हीच."

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं, पण दाजी तसे नाहीत. "तुम्ही शिकलेले लोकं काय करून राह्यले ते तुम्हाला तरी कळतंय का?" ते म्हणाले. "मी कसा दिसलो त्याचं मला काई न्हाई. मी त्याला त्याच्या घरी जाऊन बलावून आणलं. हे बघायला बलावलं मी त्याला?"

ते जीपमध्ये जाऊन बसले. राहिलेला सिनेमा गावाने पाहिला. खुनी तोच निघाला ज्याने आधी चहा विचारला होता. गोदामवाल्यांनी त्या दिवशी ते बोलून दाखवलं नाही.

पुढच्या आठवड्यात सीटबेल्टवाल्याने पुन्हा व्हिडिओ टाकला. सिनेमा आता आटोपशीर झालाय, म्हणाला. अर्धा तारा वाढवला. "आणि तो शेतकरी, मित्रांनो, कागद न वाचता सही करतो. त्या एका सहीत गावाची सगळी असहायता आहे. अंगावर काटा येतो." मी फोन मॅडमकडे दिला, कारण तो माझ्या हातात राहिला असता तर फुटला असता. मॅडमनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि त्या माणसाबद्दल एक असा शब्द वापरला, जो मी लॅबमध्ये वीस वर्षांत ऐकला नव्हता.

त्याच दुपारी मी एमआयडीसीत गेलो. पाळी सुटायच्या वेळेला मिलच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर उभा राहिलो. मिलवाला बाहेर आला, मला ओळखलं आणि टाळून जायला निघाला. मी आडवा गेलो.

"तुम्ही जे पाहिलं ते खरं नव्हतं," मी म्हणालो. "खरं मी पाहिलंय. दोनदा. एकदा शेतात आणि एकदा पडद्यावर."

आणि मी टपरीसमोर उभा राहून तो सगळा प्रसंग करून दाखवला. चष्मा काढला, बोट ठेवलं, मान वळवली. हवालदार मीच, दाजी मीच, विहीर म्हणजे टपरीवाल्याची पाण्याची टाकी. मिलमधले दहा-बारा कामगार चहा घेऊन बघत उभे राहिले. आज झाड चुकलं, उद्या माणूस चुकंल, हे म्हणताना माझा आवाज मला नको तिथे फुटला. मला वाटतं आयुष्यात मी काहीही इतकं चांगलं केलं नव्हतं. दोघं जण टाळ्या वाजवायला निघाले होते.

मिलवाल्याने चहा संपवला. कप खाली ठेवला.

"लई चांगलं केलं तुम्ही," तो म्हणाला. "पण मला एक सांगा. हे सिनेमात वाचून राह्यले, त्याचं मी काय करू? तवा वाचायचं होतं ना."

"तेच त्यांना..."

"थांबा. मी आठ महिने आत होतो. माझी माय त्यातच गेली. मी सुटून आल्तो तवा हे माझ्या घरावरून रोज जायचे. रोज. एक दिवस थांबले न्हाईत. आता आले तर सिनेमाचं तिकीट घेऊन आले." त्याचा आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही सात मिनिटांसाठी भांडून राह्यले. कोन कापली, कोन कळवलं. मला त्याचं काई न्हाई. त्यांना सांगा, सिनेमा नका दाखवू. यायचं तर तसंच या. बसा, बोला. मी घरी असतो रविवारी."

टेम्पो आला, तो मागे चढून बसला. कामगार पांगले. मी तिथे हातात चष्मा धरून उभा होतो. एवढे दिवस मी सगळ्या महाराष्ट्रावर चिडलो होतो, आणि ज्याचा राग खरा होता तो माणूस तीस वर्षं रोज टेम्पोने ये-जा करत होता. त्याचं परीक्षण कुणी वाचलं नव्हतं.

मी तसाच केदारखेड्याला गेलो आणि दाजींना शब्दाला शब्द सांगितलं. या वेळी काही वाढवलं नाही, शुद्धही बोललो नाही. दाजींनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. "माय गेली" ऐकल्यावर मात्र त्यांनी अक्काकडे पाहिलं. अक्का म्हणाली, "गेली की. मी नवी लग्न होऊन आल्ते तवा. तुम्ही मातीला गेल्ते न्हाई."

रविवारी सकाळी दाजींनी आंघोळ केली, रोजचेच कपडे घातले आणि निघाले. मी आदल्या दिवसापासून मुक्कामाला होतो. मीही चपला घातल्या.

"तू बस," ते म्हणाले.

मी बसलो. अक्का शेंगा फोडत होती, मीही फोडू लागलो. तास गेला, दीड तास गेला. अक्का दोनदा दाराशी जाऊन आली. मला तिथे असायला हवं होतं असं वाटत होतं, आणि मी तिथे नाही हे बरं झालं असंही वाटत होतं, आणि दोन्हींचा राग येत होता. दुपारच्या जेवणाला उशीर झाला तेव्हा दाजी आले. त्यांनी हातपाय धुतले. डोळे लाल होते, पण उन्हातून आलेल्या माणसाचेही असतात. पाटावर बसले, भाकरी मोडली, भाजीत घातली.

अक्काने विचारलं नाही. तिला विचारायची गरज पडत नाही. मला मात्र राहवलं नाही.

"काय झालं, दाजी? काय म्हणाला तो?"

दाजींनी घास गिळला, पाणी प्यायले.

"तुला सांगतो," ते म्हणाले, "अन् तू लिहून कळवतोस त्यांना."